गारफील्ड

अमेरिकन वृत्तपत्रांतील एक लोकप्रिय दैनिक चित्रमालिका. तिचा जनक अमेरिकन व्यंगचित्रकार जिम डेव्हिस (२८ जुलै १९४५ –    ) हा होय. एक लठ्ठ, आळशी व खादाड बोका, त्याचा अविवाहित मालक जॉन आर्बकल आणि ओडी नावाचा भोळसट कुत्रा या तिघांभोवती ही मालिका मुख्यतः फिरते. युनायटेड फीचर सिंडिकेट या वितरणसंस्थेमार्फत १९ जून १९७८ रोजी ४१ वृत्तपत्रांतून ती सुरू झाली. तीन वर्षांत ही संख्या आठशेच्या वर गेली आणि २००२ मध्ये जगात सर्वाधिक वृत्तपत्रांतून प्रसिद्ध होणारी चित्रमालिका म्हणून तिची नोंद झाली. त्यावेळी अडीच हजारांहून अधिक पत्रे ती छापत होती. या प्रसाराच्या मानाने तिची गंभीर समीक्षा मात्र थोडीच झालेली आढळते. चित्रमालिकांचे जाणकार तिच्याकडे बहुधा एक विक्रेय माल म्हणून पाहतात. हा आक्षेप निराधार नाही. तथापि तेवढ्याने मालिकेचे मूल्यमापन पुरे होते असेही नाही, कारण तिच्या पहिल्या दशकातील बरीचशी चित्रे या आक्षेपाला पुरून उरतात.

डेव्हिसचा जन्म इंडियाना राज्यातील मॅरियन येथला. त्याच राज्यातील फेअरमाउंट या गावाजवळच्या शेतावर तो वाढला. तेथे वडिलांची गुरे होती आणि पंचवीसएक मांजरे वावरत असत. लहानपणी दम्याचा विकार असल्याने त्याचा बराच काळ घरात, अंथरुणावर गेला व त्यातून चित्रे काढण्याची सवय जडली. बॉल स्टेट विद्यापीठात शिक्षण घेतल्यावर त्याने काही काळ जाहिरात व्यवसायात काम केले. १९६९ पासून तो टॉम रायन या व्यंगचित्रकाराच्या ‘टंबलवीड्स’ या मालिकेसाठी साहाय्यक म्हणून काम करू लागला. पार्श्वभूमी भरणे, अक्षरे काढणे, चौकटी आखणे या उमेदवारीत त्याला वृत्तपत्रीय चित्रमालिकेचे कारखानी अंग जवळून दिसले. त्याची स्वतःची पहिली मालिका ‘नॉर्म नॅट’ ही एका चिलटाविषयी होती आणि ती पेंडलटन या गावच्या स्थानिक पत्रात येत असे. वितरणसंस्थांनी ती नाकारली. चित्रे चांगली, विनोदही चांगले, पण किड्याशी कोणाचे नाते जुळणार, असा अभिप्राय त्याला एका संपादकाकडून मिळाला. डेव्हिसने अखेरच्या चित्रात आकाशातून एक भलामोठा पाय आणून चिलटाला चिरडून टाकले.

पुढची पायरी त्याने हिशेबीपणाने टाकली. वृत्तपत्रांच्या विनोदी पानावर कुत्र्यांची गर्दी आहे. ‘पीनट्स’मधील स्नूपी आणि ‘मार्मड्यूक’ ही तर घरोघरी परिचित नावे. मांजरांना मात्र तेवढे स्थान नाही, असे त्याच्या ध्यानात आले. मांजरे पाळणाऱ्यांची संख्या मोठी असल्याने ही जागा रिकामी राहणे हे एका अर्थी बाजारपेठेतील उणेच होते. हे निरीक्षण सर्वस्वी अचूक होते असे म्हणता येत नाही. फीलिक्स हा बोका मूकपटांतून वृत्तपत्रात १९२३ मध्येच आला होता. जॉर्ज गेटलीचा ‘हीथक्लिफ’ १९७३ पासून चालू होता. जॉर्ज हेरिमनच्या ‘क्रेझी कॅट’ (१९१३–४४) या मालिकेला तर गिल्बर्ट सेल्डीस या समीक्षकाने १९२४ मध्येच श्रेष्ठ कलाकृतींच्या पंक्तीस बसविले होते. तरीही मध्यमवर्गीय घरातील पाळीव मांजर, त्याचे रुसवे, त्याचा आयतेपणा व त्याचा माज हा विषय दैनिक विनोदात पुरेसा आला नव्हता, हे खरे. नव्या मालिकेचा पहिला आराखडा ‘जॉन’ या नावाने जानेवारी १९७६ पासून पेंडलटनच्या त्याच पत्रात प्रसिद्ध झाला. ही चित्रे पुढे विस्मृतीत गेली व २०१९ मध्ये जुन्या अंकांतून पुन्हा उजेडात आली. शीर्षकावरून दिसते त्याप्रमाणे तीत नायकपण व्यंगचित्रकार मालकाकडे होते. हशा मात्र मांजराच्या वाट्याला येत असे. तेव्हा मांजरालाच मध्यभागी आणून मालिकेचे नाव बदलण्यात आले. हे नाव डेव्हिसच्या आजोबांचे, जेम्स गारफील्ड डेव्हिस यांचे. त्यांना ते अमेरिकेच्या विसाव्या राष्ट्राध्यक्षांवरून मिळाले होते. प्रारंभीच्या काही महिन्यांत ‘शिकागो सन-टाइम्स’ने मालिका बंद केली, तेव्हा तेराशेच्या आसपास वाचकांनी तक्रारी केल्या आणि ती पुन्हा चालू करावी लागली. वितरणसंस्थेच्या विक्रेत्यांना जे सांगावे लागले असते, ते वाचकांनीच सांगून टाकले.

मालिकेची चित्रशैली समजून घेण्यासाठी त्या काळच्या वृत्तपत्राचे पान डोळ्यापुढे आणले पाहिजे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चित्रमालिकेला पानाची बरीच रुंदी मिळे. रविवारी तर संपूर्ण पान मिळे. दुसऱ्या महायुद्धातील कागदटंचाईपासून ही जागा आखडत गेली आणि १९७० नंतरच्या दशकात कागद महागल्यावर ती फारच संकुचित झाली. हेरिमनची वाळवंटी क्षितिजे किंवा विन्झर मॅके याची वास्तुचित्रे अशा चिमुकल्या चौकटीत तग धरू शकली नसती. डेव्हिसने ही अडचण शैलीचा पाया म्हणून स्वीकारली. त्याच्या चित्रात पार्श्वभूमी जवळजवळ नसते. खालच्या बाजूस एक आडवी रेषा असते. ती कधी टेबल, कधी ओटा, कधी नुसती जमीन ठरते. तिच्यावर किंवा तिच्यामागे दोन आकृती बाजूने दिसतात. रेषा जाड व बंद असते. डोळे प्रचंड व एकमेकांना चिकटलेले असतात. गारफील्डच्या अर्ध्या मिटलेल्या पापण्या हा तर या शैलीतील सर्वांत समर्थ घटक होय. त्या पापण्यांच्या एका रेषेची उंची केसभर बदलली की कंटाळा, तुच्छता, समाधान किंवा संशय यांपैकी हवी ती छटा उमटते. तिकिटाएवढ्या जागेत एवढे काम करणारी रेषा सोपी दिसली, तरी काढण्यास सोपी नसते.

मूळचा गारफील्ड मात्र असा नव्हता. १९७८ च्या चित्रांत तो गलेलठ्ठ गालांचा, बारीक डोळ्यांचा, चार पायांवर लोळणारा एक मांसल गोळा आहे व त्यात खऱ्या बोक्याचा जडपणा बराचसा उतरलेला आहे. पुढील चार-पाच वर्षांत त्याचे डोळे मोठे झाले, अंग सुटसुटीत झाले आणि तो मागच्या दोन पायांवर चालू लागला. मोठे पाऊल दिल्यास हा बोका उभा राहू शकेल, ही युक्ती ‘पीनट्स’कार चार्ल्स शुल्झ याने सुचविल्याचे डेव्हिसने सांगितले आहे. या बदलाने अभिनयाच्या शक्यता वाढल्या, हात मोकळे झाले, नाचणे-टिचक्या मारणे शक्य झाले. परंतु मांजरपण त्याच प्रमाणात उणावले. नंतरचा गारफील्ड हा मांजराच्या कातड्यातील एक सुस्त गृहस्थ आहे. उंदीर न मारणारा, लझानिया या इटालियन पदार्थावर तुटून पडणारा आणि कॉफीवाचून डोळे न उघडणारा हा प्राणी कोणत्याही शेतावर आढळणार नाही. डेव्हिसला मांजरांचे निरीक्षण नव्हते असे नाही. पात्र घडविताना त्याने ते एका मर्यादेपुढे वापरले नाही, एवढेच.

दैनिक चित्राची रचना ठराविक असते. पहिल्या चौकटीत परिस्थिती, दुसऱ्यात विराम, तिसऱ्यात कलाटणी. यातील मधली चौकट ही डेव्हिसची खास मालमत्ता म्हणता येईल. तीत बहुतेक वेळा काहीच घडत नाही. पात्रे समोर बघतात, किंवा जॉन बोलतो व बोका निर्विकार राहतो. नाटकातील नट ज्याप्रमाणे टाळीचे वाक्य टाकण्यापूर्वी क्षणभर थांबतो, त्याप्रमाणे ही रिकामी चौकट काळ मोजण्याचे काम करते. २७ जुलै १९७८ चे चित्र या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. पहिल्या चौकटीत जॉन वर्तमानपत्र वाचीत बसला आहे. दुसऱ्यात तो शेजारच्या टेबलाकडे हात नेतो आणि आपला पाईप कोठे गेला असावा, असे स्वतःशी म्हणतो. तिसऱ्यात पाठ टेकून बसलेला गारफील्ड तो पाईप ओढीत आहे आणि चौकटीबाहेरून जॉनची हाक ऐकू येते. चोरी दाखविलेली नाही. चोरीचा क्षण दोन चौकटींमधील पांढऱ्या पट्टीत घडून गेला आहे. या साध्या चित्राला पुढे अनपेक्षित कीर्ती लाभली. मालिकेची थट्टा करणाऱ्या ‘लझानिया कॅट’ या विडंबनात्मक चित्रफितींपैकी २०१७ मधील एक फीत तासाभराहून लांब असून ती केवळ याच तीन चौकटींचे, एखाद्या धर्मग्रंथाच्या भाष्याप्रमाणे, विवरण करते. विडंबनकारांचा हेतू थट्टेचा होता. पण त्या फितीतील निरीक्षणे पुष्कळदा अचूक आहेत, हे नमूद केले पाहिजे.

मालिकेचा सर्वांत मार्मिक संकेत म्हणजे गारफील्डचे मौन. तो बोलत नाही, विचार करतो. त्याचे शब्द संवादाच्या शेपटीदार फुग्यात न येता विचाराच्या ढगासारख्या फुग्यात येतात. वाचकाला ते वाचता येतात. जॉनला ते ऐकू येतात की नाही, हे कधीच स्पष्ट केलेले नाही. पुष्कळ चित्रांत जॉनचे पुढचे वाक्य बोक्याच्या विचाराला दिलेले उत्तर वाटते आणि इतर अनेक चित्रांत तो भिंतीशी बोलत असल्याप्रमाणे एकटाच बडबडतो. ही संदिग्धता स्नूपीच्या बाबतीतही आहे. परंतु स्नूपीचे विचार त्याच्या स्वप्नसृष्टीत रमतात, तर गारफील्डचे विचार सतत समोरच्या माणसावर शेरेबाजी करीत असतात. त्यामुळे येथे वाचक हा नकळत बोक्याचा साक्षीदार, किंबहुना साथीदार बनतो. जॉनची फजिती होते तेव्हा हसणारे दोघे असतात व जॉनला त्यांपैकी एकाचेही हसू ऐकू येत नाही. पाळीव प्राण्याशी बोलणाऱ्या प्रत्येक एकट्या माणसाच्या अनुभवाचे हे नेमके चित्र आहे. तो बोलतो, समोरून उत्तर येते असे त्याला वाटते, आणि ते खरोखर येते की नाही याची तो चौकशी करीत नाही.

हे एकाकीपण मालिकेत योजून आलेले दिसत नाही. ते काटकसरीतून आले. १९७८ मध्ये जॉनच्या घरी लायमन नावाचा एक मित्र राहावयास येतो. ओडी हा मुळात त्याचा कुत्रा. जॉनला बोलावयास कोणीतरी माणूस हवा, म्हणून त्याची योजना होती. लवकरच असे दिसून आले, की जॉन मांजराशीच अधिक चांगले बोलतो. लायमनला काही काम उरले नाही. १९८३ पर्यंत तो कोणतेही कारण न देता मालिकेतून नाहीसा झाला व कुत्रा तेवढा मागे राहिला. पात्रांची ही छाटणी व्यवहाराच्या दृष्टीने योग्य होती. तिचा परिणाम मात्र असा झाला, की एक तिशीतील पुरुष दोन जनावरांसह रिकाम्या घरात राहतो, भडक कपडे घालून स्त्रियांना दूरध्वनी करतो, नकार घेतो आणि शनिवारची रात्र मोजे लावण्यात घालवितो, अशी एक जगरहाटी तयार झाली. लिझ ही पशुवैद्य १९७९ पासून मालिकेत येते व सत्तावीस वर्षे जॉनला टाळत राहते. या सर्व काळात विनोदाचा खरा झरा बोक्याचा खादाडपणा हा नसून जॉनची ही उणीव आहे. बोका तिच्यावर टोमणे मारतो म्हणून ती करुण न वाटता हास्यकारक वाटते.

या म्हणण्याला पुरावा बाहेरून मिळाला. आयर्लंडमधील डॅन वॉल्श याने २००८ मध्ये ‘गारफील्ड मायनस गारफील्ड’ या नावाने मूळ चित्रांतून बोका पुसून टाकलेल्या आवृत्त्या प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला. एकही नवी रेषा न काढता उरलेल्या चौकटींत एक माणूस रिकाम्या खोलीकडे पाहून बोलतो, थांबतो, किंचाळतो व पुन्हा गप्प होतो. परिणाम भेदक आहे. डेव्हिसने त्याबद्दल न्यायालयात न जाता मोकळेपणाने कौतुक केले आणि त्याच वर्षी मूळ व पुसलेली चित्रे शेजारी-शेजारी छापलेले पुस्तकही निघाले. पुसण्याच्या या प्रयोगाने मालिकेत नसलेले काही आणले असे मानण्याचे कारण नाही. तीत झाकलेले होते ते उघडे पडले, एवढेच.

खुद्द डेव्हिसने हे झाकण एकदाच उचलले. २३ ते २८ ऑक्टोबर १९८९ या सहा दिवसांच्या चित्रांत गारफील्ड थंडीने जागा होतो तो एका ओसाड घरात. भिंती पडलेल्या, फर्निचर नाही, बाहेर घर विक्रीस असल्याची पाटी. जॉन नाही, ओडी नाही. हॅलोवीनच्या सुमारास भुताखेतांऐवजी माणसाच्या खऱ्या भयाचे, म्हणजे एकटे पडण्याच्या भयाचे चित्र काढावे, असा त्याचा हेतू होता. एरव्ही रिकामी ठेवलेली पार्श्वभूमी येथे छाया व भेगांनी भरून गेली आहे; बोका लहान दिसतो. शेवटी तो सारे नाकारून परत जॉनजवळ पोहोचतो. काही वाचकांनी यावरून असा तर्क लढविला, की त्यानंतरची सर्व चित्रे म्हणजे उपाशी बोक्याची भ्रमिष्ट स्वप्ने होत. डेव्हिसने तो हसण्यावारी नेला. तर्क अतिरंजित असला, तरी एका आठवड्याने वाचक इतके हादरावेत, यातच मालिकेत दडलेल्या शक्तीची साक्ष आहे. ती पुन्हा वापरली गेली नाही, ही खंतावण्याजोगी गोष्ट होय.

सोमवारचा द्वेष हा मालिकेतील आणखी एक प्रसिद्ध विषय. गारफील्डला नोकरी नाही, शाळा नाही. त्याचे सर्व दिवस सारखेच लोळण्यात जातात. तेव्हा त्याने सोमवारचा तिरस्कार का करावा, याला कथेत उत्तर नाही. ते वृत्तपत्रात आहे. सोमवारचे चित्र सोमवारी सकाळी, कामावर निघालेल्या वाचकाच्या हाती पडते आणि बोका त्या वाचकाच्या वतीने कुरकुरतो. साप्ताहिक सुटीचा हा विनोद जेथे रविवार सुटीचा आहे, तेथे सर्वत्र पोहोचतो. मराठी वाचकाला सोमवार म्हणजे शंकराचा वार, उपासाचा दिवस. श्रावणात तर अर्ध्या दिवसाची शाळा. मुंबईच्या लोकलगाडीत उभा असलेल्या कारकुनाला मात्र त्याच दिवसाचा दुसरा अर्थ समजावून सांगावा लागत नाही, आणि भारतातील इंग्रजी दैनिकांतून हा बोका परका वाटला नाही, याचे एक कारण हेच असावे. मालिका परभाषेत सहज जावी म्हणून डेव्हिसने शाब्दिक कोट्या, प्रादेशिक बोली आणि प्रचलित राजकारण कटाक्षाने टाळले. त्यामुळे ती भाषांतरात फारसे काही गमावत नाही. या धोरणाची दुसरी बाजू अशी, की ती विशिष्ट काळाविषयी व स्थळाविषयीही जवळजवळ काही सांगत नाही. तिच्या पन्नासएक वर्षांच्या फायली चाळून अमेरिकेत या काळात काय घडले, याचा सुगावा लागणे कठीण आहे. फ्रँक किंगच्या ‘गॅसोलीन अ‍ॅली’तील माणसे वाचकांबरोबर वयाने वाढत गेली. गारफील्डचा वाढदिवस दरवर्षी १९ जूनला साजरा होतो, तो म्हातारपणाबद्दल कुरकुरतोही, पण म्हातारा होत नाही.

व्यापाराचा प्रश्न यानंतर येतो. ज्याची विक्री होऊ शकेल असे पात्र निर्माण करण्याचा आपला जाणीवपूर्वक प्रयत्न होता, हे डेव्हिसने कधीच लपविले नाही. ‘गारफील्ड अ‍ॅट लार्ज’ (१९८०) या पहिल्या संग्रहासाठी दैनिक चित्राच्या प्रमाणाशी जुळणारा आडवा आकार वापरण्यात आला व तो पुढे इतर मालिकांनीही उचलला. १९८२ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या खपाच्या यादीत एकाच वेळी गारफील्डची सात पुस्तके होती. १९८१ मध्ये इंडियानातच स्थापन झालेल्या पॉज या संस्थेकडे मालाच्या परवान्यांचे व चित्रनिर्मितीचे काम सोपविले गेले. मोटारींच्या काचांना रबरी वाट्यांनी चिकटलेला गारफील्ड १९८७ नंतर अमेरिकेच्या रस्त्यांवर इतका पसरला, की डेव्हिसलाच ही लाट अती होत असल्याचे जाणवले आणि त्याने काही काळ परवान्यांना आवर घातला. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार या मालाची वार्षिक उलाढाल ७५ ते १०० कोटी डॉलर होती. १९९४ मध्ये पॉजने जुन्या चित्रांचे हक्क वितरणसंस्थेकडून विकत घेतले. २०१९ मध्ये वायाकॉम या बलाढ्य कंपनीने पॉजच विकत घेतली. दैनिक चित्रांवर डेव्हिसची देखरेख चालू राहिली.

या संदर्भात बिल वॉटरसनच्या ‘कॅल्व्हिन अँड हॉब्ज’ (१९८५–९५) या मालिकेचे उदाहरण नेहमी दिले जाते. वॉटरसनने खेळणी, कपडे, चित्रपट यांस ठाम नकार दिला आणि दहा वर्षांनी मालिका थांबविली. दोन टोकांची ही तुलना उद्बोधक आहे. परंतु तीवरून विक्रीने कला बिघडते असा सरसकट निष्कर्ष काढणे चूक ठरेल. शुल्झच्या स्नूपीचा मालही अफाट खपला, तरी शुल्झ शेवटपर्यंत प्रत्येक रेषा स्वतः काढीत राहिला. उलट हेरिमनची ‘क्रेझी कॅट’ थोड्याच पत्रांत येई व ती वृत्तपत्रसम्राट हर्स्टच्या आश्रयावर जगली. खरा फरक विक्रीत नसून कामाच्या विभागणीत आहे. १९८० नंतर गारफील्डची रेखाटने, शाई व अक्षरे साहाय्यकांच्या हाती गेली. विनोदांसाठीही लेखकांची मदत घेण्यात आली आणि डेव्हिस बहुशः कल्पना, कच्ची चित्रे व अंतिम मान्यता यांपुरता उरला. परिणामी रेषा निर्दोष झाली व तिच्यातील धग गेली. १९७८–८५ या काळातील आकृती वेड्यावाकड्या आहेत, पण त्या कोणीतरी त्या दिवशी काढलेल्या आहेत असे वाटते. नंतरच्या आकृती एकाच साच्यातून पाडलेल्या भासतात. कथेच्या अंगानेही झीज झाली. २००६ मध्ये लिझने जॉनचे प्रेम स्वीकारले, तेव्हा वाचकांना सुख वाटले असेल. मालिकेचा ताण मात्र त्या दिवशी सैल झाला. सुखी जॉनवर मारलेला टोमणा बोथट असतो.

मालिकेवरून दूरचित्रवाणीसाठी अनेक कार्यक्रम झाले. ‘हिअर कम्स गारफील्ड’ (१९८२) या पहिल्या विशेष कार्यक्रमापासून लॉरेन्झो म्यूझिक (मृत्यू २००१) या नटाने बोक्याला आवाज दिला. संथ, खर्जातील, कशाचीच घाई नसलेला हा आवाज अनेकांच्या मनात चित्राशी कायमचा जोडला गेला आहे. सीबीएस वाहिनीवरील ‘गारफील्ड अँड फ्रेंड्स’ (१९८८–९४) या मालिकेत मार्क एव्हानिअरचे लेखन मूळ दैनिक चित्रांहून पुष्कळदा अधिक चतुर आहे. या कार्यक्रमांत बोक्याचे ओठ हलत नाहीत. आवाज ऐकू येतो आणि तोंड मिटलेले राहते. विचारफुग्याची संदिग्धता पडद्यावर टिकविण्याचा हा उपाय साधा व योग्य होता. २००४ व २००६ मधील चित्रपटांत संगणकनिर्मित बोका खऱ्या नटांमध्ये सोडण्यात आला व त्याला बिल मरेचा आवाज देण्यात आला. केसन् केस दाखविणारी ती आकृती पापणीच्या एका रेषेचे काम करू शकली नाही. २०२४ मध्ये आलेल्या संपूर्ण सचेतपटात क्रिस प्रॅटचा आवाज असून त्याची कथा गारफील्ड व त्याचा हरवलेला बाप यांच्या साहसांवर रचली आहे. तीत आगगाडी, पाठलाग व दरोडा यांची रेलचेल आहे. लोळत पडून काहीही न करणे हा ज्या पात्राचा धर्म, त्याला दीड तास धावावयास लावलेले पाहून जुन्या वाचकांस थोडे अवघडल्यासारखे होते.